दोन गंज आणि एक गार गॅरेज

“कोणी झाकण उघडलं परत?” वैभवी इतकी जोरात ओरडली की गॅरेजचं शटर थरथरलं.

गॅरेजच्या फरशीवर इडलीच्या पिठाचे दोन भलेमोठे गंज, म्हणजे पातेली, होते. पीठ काल संध्याकाळी जेवढं होतं, आज सकाळीही तेवढंच. फुगणं सोडाच, त्यानं साधा एक बुडबुडाही काढला नव्हता. आणि उद्या शाळेत आनंद मेळावा! नववी ‘ब’चा इडलीचा स्टॉल वैभवीनं भर वर्गात “मी करते ना मॅडम, एकटी!” म्हणून अंगावर घेतलेला. शेजारच्या स्टॉलवर पाणीपुरीवाली अपेक्षा. पुऱ्या विकतच्या, पाणी आईच्या हातचं, पण तोंड स्वतःचं. तिनं कालच विचारलं होतं, “इडली होईन ना वं? का भाकरीवानी थापून आणशीन?”

“माह्या ओट्यावर हे दोन हत्ती नको,” असं आईनं, म्हणजे नंदिनीनं, सांगितल्यामुळे गंज गॅरेजमध्ये आले होते. आणि गॅरेज म्हणजे बाबांची कलाकृती. मे महिन्यात गाडी तापू नये म्हणून रविंद्ररावांनी टिनावर पांढरा चुना मारला होता, वर हिरवी जाळी ताणली होती, आतून थर्माकोल ठोकला होता. नागपूरचं ऊन तिथे हरलं होतं. डिसेंबरात मात्र त्या गॅरेजमधून गाडीसुद्धा खोकत बाहेर यायची.

“काही टेन्शन घेऊ नको,” बाबा म्हणाले. ते खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला, त्यामुळे वीज हा त्यांचा घरचा विषय. “हीटर लावतो. विषय संपला.”

हीटर लागला. त्याच्यासमोरचा वीतभर तुकडा तापला, बाकी गॅरेज तसंच.

“हवा फिरली पायजे गा रविंद्रा,” आजोबा मनोहरराव कानटोपी सारखी करत म्हणाले. मग दोघांची नजर एकदमच कोपऱ्यातल्या कूलरवर गेली. नागपूरच्या माणसाचं काहीही अडलं, तरी त्याची नजर आधी कूलरकडेच जाते.

“डिसेंबरात कूलर?” आईनं कपाळाला हात लावला.

“पाणी कुठं टाकून राहिलो? नुसता पंखा. मागं हीटर, समोर कूलर. गरम हवा सगळीकडे!”

बाबांनी बटण दाबलं. कूलरनं उन्हाळ्यापासून पोटात जपलेली धूळ आणि वाळक्या गवताच्या काड्या एका दमात बाहेर फेकल्या. वैभवी दोन्ही हात पसरून गंजांवर आडवी पडली. पाठोपाठ ‘चट्ट’ असा आवाज झाला आणि गॅरेजचा बोर्ड काळा पडला.

“अगं माय! लाइटवाल्याच्याच घरी फटाका?” शेजारच्या कांताबाई शाल गुंडाळून तुरुतुरु आत आल्या.

आजोबांना हेच हवं होतं. “आमच्या टायमाले काय होते हीटर? शेगडी आण!” आणि त्यांनी स्वतःच कोळसे फुलवून शेगडी आत आणली. गॅरेज धुरानं भरलं. आईनं शटर सताड उघडलं आणि शेगडी अंगणात नेऊन तिच्यावर बादली ओतली. “बंद जागेत कोळसा पेटवता मामंजी? पीठ राहीन, आपण सारे जाऊ!” धूर गेला. होती नव्हती ती ऊबही गेली.

“गोधडी घाल वं पोरी त्याइले,” कांताबाई म्हणाल्या, “बाळंतिणीवानी.” गोधडी घातली. तर मग जो येईल तो गोधडी उचलून, झाकण काढून, वाकून पाहू लागला. बाबांनी पाहिलं. आजोबांनी पाहिलं. कांताबाईंनी तर बोट बुडवून पाहिलं!

झालं. वैभवीच्या डोक्यातलं सगळं एकदम उकळलं. तिनं धाडकन शटर खाली ओढलं आणि त्याला पाठ लावून मांडी ठोकली.

“मले विचारलं का कोणी? पीठ मायं, स्टॉल माया, नाक मायं कापलं जाईन! आता एकच उपाय ठरवा. ठरल्याशिवाय कोणी बाहेर जात नाही. अन झाकणाले हात लावला तं पाहा!”

“मायी सिरियल लागते वं आता,” कांताबाई कुरकुरल्या.

“बुडू द्या!”

मग गोधडीतल्या गंजांभोवती बसून चौघं भांडू लागले. हीटर बरा की शेगडी, इथून सुरुवात झाली. “तुमीच टिनाले चुना फासला,” आई म्हणाली. “तूच म्हणाली गाडी तापते,” बाबा म्हणाले. “मले कोणी विचारलंच नाही,” आजोबा म्हणाले, “याच्या लग्नातही नव्हतं विचारलं!” लग्नावरून गाडी मानपानावर गेली, तिथून रुखवतावर. “मले तं जेवणाचं बोलावणंच नव्हतं,” कांताबाईंनी मध्येच जुनं दुखणं काढलं. आवाज चढले. बाबांनी स्वेटर काढून भिरकावला. आजोबांची कानटोपी गेली, कांताबाईंची शाल गेली. आई पदरानं वारा घेत भांडत होती. थर्माकोलनं उन्हाळ्यात ऊन आत येऊ दिलं नव्हतं, आता तो यांचा ताप बाहेर जाऊ देईना. दुपार कलली तरी कोणी मागे हटेना.

तेवढ्यात गोधडी हलली आणि बाजूला घसरली.

एका गंजाचं झाकण आपोआप वर उचललं गेलं आणि कडेवरून पांढरं, जाळीदार पीठ हळूच बाहेर डोकावलं. सगळे भांडण सोडून वाकले.

“हीटरची गरमी मुरली होती,” बाबा म्हणाले.

“शेगडीची,” आजोबा म्हणाले.

वैभवीनं दुसऱ्या गंजात डोकावून पाहिलं. तो शटरजवळ होता, पीठ अजून अर्ध्यावरच. आणि इकडे भांडण विझत चाललेलं! कांताबाई तर शालीकडे हात नेत होत्या.

वैभवीनं तो गंज उचलला आणि नेमका आईबाबांच्या मध्ये आणून ठेवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “आई, परवा बाबा आत्याले फोनवर सांगत होते, चटणी खावी तं तुयाच हातची. आमच्याइथं तं नुसतं हिरवं पाणी असते म्हणे. तुले माहीतच नव्हतं का वं?”

आई सावकाश बाबांकडे वळली.

वैभवी शटरला पाठ लावून पुन्हा मांडी घालून बसली.