मखमली कॉलरची चौकशी

मखमलीची कॉलर.

बॉम्बनं ढासळलेलं लंडन.

ऊन असताना मिटलेली छत्री.

आमच्या तालमीचा वॉटर कूलर.

समाजाचा ऱ्हास कपड्यांपासून सुरू होतो, याबद्दल विचारवंतांत (म्हणजे कूलरपाशी बसणाऱ्यांत) दुमत नाही. महायुद्धानंतर लंडनच्या कामकरी पोरींनी मखमली कॉलरचा पुरुषी लांब कोट, दुमडलेली जीन्स आणि हातात छत्री असा थाट आरंभला. त्यांना टेडी गर्ल्स म्हणत. सत्तर वर्षांनी ही साथ कोल्हापुरात पोचली. रुग्णसंख्या : एक. वर्षाराणी, बी.कॉम.

"काय गं वर्षे, आज्ज्याचा कोट घातलाईस व्हय?" तालमीचे अध्यक्ष गणपतराव म्हणाले.

"न्हाय काका, माझाच हाय. गणपतीच्या मिरवणुकीत ह्योच घालून चालणार."

तातडीनं समिती नेमण्यात आली. कोट अभ्यासासाठी ताब्यात घेण्यात आला.

अभ्यास सखोल झाला. प्रत्येक सदस्यानं कोट अंगात घालून धोका स्वतः पत्करला. "खांद्यात बसतोय की!" असं निरीक्षण समितीतल्या कृष्णातनं आरशासमोर नोंदवलं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तो आरशासमोरच होता. ब्याण्णव टक्के सदस्यांना कोट शोभतो, असं आढळलं. (उरलेल्यांची बटणं लागली नाहीत.)

निष्कर्ष असा : कोट मर्दानी आहे. मर्दानी, म्हणजे आपलाच. आपला, म्हणजे परंपरेनं आलेला. सबब यंदाच्या मिरवणुकीत तालमीचा गणवेश हाच. तालमीचा गणवेश महिलांनी घालू नये, हा नियम जुना आहे. (त्याच संध्याकाळी केला.)

"आणि माझा कोट?" वर्षाराणीनं विचारलं.

"नमुना म्हणून टेलरकडं दिलाय. आता तालमीचा झाला की तो."

"मग जीन्स बी न्या की काका. ती बी परंपराच असंल."

"बघू, पुढच्या वर्षी," गणपतराव गंभीरपणे म्हणाले.

मिरवणुकीच्या दिवशी सगळी तालीम मखमली कॉलर लावून, गॉगल चढवून चौकात उभी राहिली. वर्षाराणी पंजाबी ड्रेसमध्ये कडेला होती. अध्यक्षांनी तिला सहभागाची संधी दिली, म्हणजे मोबाइल तिच्या हातात दिला.

"नीट काढ गं. कॉलर दिसली पायजे."

फोटो झकास आला. दुपारपर्यंत तो जिल्हाभर फिरला. 'नाद खुळा' असं लिहून तुम्हीही खाली लाल बदाम टाकलात.

तो कोट वर्षाराणीनं बारावीच्या सुट्टीत आईच्या मशीनवर स्वतः शिवला होता.