समावेश समितीचं दार

वृद्धनिवासातल्या म्हाताऱ्यांना वस्तीत सामावून कसं घ्यायचं, यावर शनिवारी सभा भरली आणि अध्यक्षबाईंनी सगळ्यांत आधी सभागृहाला आतून कुलूप लावलं. मागच्या खेपेला शेजारच्या वृद्धनिवासातली एक आजी आत येऊन बसली होती आणि दीड तास बोलली होती. ज्यांना सामावून घ्यायचं तेच असे मधे घुसले, तर कामं व्हायची कशी?

'ज्येष्ठ आपलेच आहेत' असा फलक लावायचं एकमताने ठरलं. मग बाईंनी किल्ली फिरवली आणि ती मोडली. अर्धी हातात, अर्धी कुलपात.

"जोर कशाला लावलात?" खजिनदार म्हणाले.

"मी कुठे लावला? कुलूपच मेलं आडमुठं!"

खिडक्यांना गज. दार नवंकोरं, देणगीतलं. फोडावं तर त्यावर बाईंच्याच नवऱ्याचं नाव कोरलेलं. समितीच्या चिटणीसाने बाजारातल्या किल्लीवाल्याला फोन लावला. त्याने कुलपाची बनावट विचारली आणि हसला.

"साहेब, याला माझा हात चालायचा नाही. माझ्या उस्तादांनाच जमेल. तुमच्या शेजारीच राहतात की, वृद्धनिवासात, चौथ्या मजल्यावर."

चिटणीसाने फोन ठेवला. उस्ताद म्हणजे त्याचा बाप. दर शनिवारी तो या सभागृहात येत होता. त्या चौथ्या मजल्यावर पाय ठेवून त्याला चार महिने झाले होते.

वृद्धनिवासाचा रखवालदार हाकेसरशी खिडकीखाली आला, पण माणूस नियमाचा पक्का.

"नातेवाइकाची सही असल्याशिवाय रहिवाशाला फाटकाबाहेर सोडत नाही."

"अरे, नातेवाईक मीच! आत अडकलोय!"

"मग बाहेर येऊन सही करा."

"बाहेर यायलाच ते हवेत ना!"

"ते तुमचं तुम्ही बघा."

शेवटी अर्ज दाराखालच्या फटीतून आत सरकवला गेला. 'रहिवाशाला बाहेर नेण्याचं कारण' या रकान्यात चिटणीसाने लिहिलं: मला बाहेर काढण्यासाठी.

आजोबा इस्त्रीचा सदरा घालून, हत्यारांची पिशवी घेऊन आले. कुलपाला बोट लावताच त्यांना कळलं, दोन मिनिटांचं काम आहे.

"बाबा, जमेल ना?"

दारापलीकडचा तो आवाज ऐकून त्यांचा हात थांबला.

"वेळ लागेल. तू कसा आहेस?"

"मी बरा आहे. तुम्ही कुलूप बघा."

"बघतोय. कोणी बोलत असलं की माझा हात स्थिर राहतो. सूनबाईची पाठ कशी आहे?"

"कमी आहे आता. बाबा, जरा लवकर..."

"घाई केली तर तुकडा आत जाईल. मग दारच फोडावं लागेल."

"नको, नको!" अध्यक्षबाई किंचाळल्या. "अहो, बोला वडिलांशी! सविस्तर बोला!"

चिटणीस बोलला. आधी पाठीबद्दल, मग पोरीच्या परीक्षेबद्दल. सांगण्यासारखं संपल्यावर तो खरं बोलायला लागला. कचेरीत वरचा साहेब छळतो, झोप लागत नाही, घरी सांगता येत नाही. तो दमला तेव्हा खजिनदार फटीला तोंड लावून आपल्या साखरेबद्दल बोलले. आजोबा बाहेर जमिनीवर बसून, गार फरशीला गुडघे टेकून, "मग? पुढे?" म्हणत होते. असे अडीच तास गेले. मग कोणाला तरी फारच घाईची लागली, तेव्हा कुठे कुलूप उघडलं.

आग लागल्यासारखी माणसं पांगली. चिटणीस जिन्यावरूनच ओरडला, "येतो बाबा एकदा निवांत!"

आजोबांनी आतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. रखवालदार म्हणाला, "चला, वेळ संपली."

पुढच्या शनिवारपर्यंत कोणी निवांत झालं नाही. ठराव मात्र झाला. कुलूप बेभरवशाचं असल्यामुळे यापुढे दर सभेला आजोबांना बोलवायचं, दाराबाहेर खुर्ची देऊन बसवायचं. अहवालात लिहिलं गेलं: ज्येष्ठांचा समावेश सुरू झाला.

शनिवारी सगळे आजोबांसमोरून "नमस्कार, नमस्कार" करत आत गेले. चिटणीसही गेला, फोन कानाला लावून. दार लागलं. आजोबा दहा मिनिटं बसले. आतून हसणं ऐकू येत होतं.

मग ते उठले. पिशवीतून बारीक तार काढून कुलपात घातली आणि मनगट अलगद फिरवलं.

थोड्या वेळाने आतून कोणीतरी दार ओढलं. पुन्हा ओढलं. धक्के बसले, आरडाओरडा झाला, आणि मग अगदी जवळून आवाज आला.

"बाबा?"

आजोबांनी खुर्ची दाराला भिडवली.

"हं," ते म्हणाले, "आता सांग. साहेब काय म्हणतो?"