डिव्हायडरवरचं सोनं

गोरक्ष बोरस्ते हायवेच्या ठेकेदाराकडे झाडांचा सुपरवायझर होता, पण दिवसातला निम्मा वेळ तो हायवेवर नसायचाच. ओझरच्या बाजूला डिव्हायडरवर उभा राहून तो थेट धुळ्यापर्यंत हिरवी सावली बघायचा, तीत फुलपाखरं बघायचा. मग एखादा ट्रक कानाशी हॉर्न वाजवून त्याला परत आणायचा.

ऑफिसला तिथे कण्हेर हवी होती. गोरक्षनं हट्टानं एक तुकडा आपट्यासाठी मागून घेतला. "आपल्या मातीतलं झाड आहे, मॅडम. टँकर नको, लाड नकोत. उन्हाळ्यात आपण वाळू, हा नाही वाळायचा."

इंजिनिअर उज्वलामॅडम म्हणाल्या, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बघायला येते. हिरवं दिसलं तर पुढचा सगळा रस्ता आपट्याचा. नाहीतर हेही उपटायचं."

आपटे कमरेला लागले, जोडपानांनी भरून आले. ऊन, शेळ्या, धूर, सगळ्याचा विचार गोरक्षनं केला होता. दसऱ्याचा तेवढा राहिला.

दसऱ्याच्या सकाळी एक मोटारसायकल थांबली. मागची बाई रेलिंग ओलांडून आली आणि आपटा ओरबाडू लागली.

"ताई, पानं तोडू नका."

"कशी दिली?"

"विकायची नाहीत."

"अहो, फुकट हायेत," तिनं नवऱ्याला हाक मारली. "पिशवी आना."

फुकट हा शब्द नाशकात गोदावरीच्या पुरासारखा पसरतो. घटकाभरात गाड्यांची रांग लागली. गोरक्षनं सुचेल ते सांगून पाहिलं. "हा आपटा नाही हो, कांचन आहे."

एका आजोबांनी पान उन्हात धरलं. "कांचन म्हणजेही सोनंच की, बाळा."

"फवारणी झालीय. विषारी आहे."

"खायचंय कुणाला? वाटायचंय," म्हणत एक काकू रेलिंगवर चढल्या. "चला, सीमोल्लंघनही इथंच उरकलं."

दुपारपर्यंत नुसत्या काड्या उरल्या. गोरक्षला रडू आलं, अगदी खरं रडू आलं.

संध्याकाळी पंचवटीतल्या त्याच्या घरी शेजारीपाजारी यायला लागले. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." प्रत्येक पान त्याच्या ओळखीचं. ज्या शेजाऱ्याला सकाळी डिव्हायडरवर त्यानं हात जोडले होते, त्याचीही आता गळाभेट घ्यायची वेळ आली. ओंजळ भरत गेली तसा त्याचा राग कुठे विरघळला, त्यालाच कळेना. सासरी गेलेल्या लेकी एकेक करून माहेरी याव्यात तशी झाडं पानापानानं घरी परतत होती. दिव्याच्या उजेडात तो हरखून बघत बसला. मग उठून त्यानं सगळी पानं पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी मॅडम काड्यांसमोर उभ्या राहिल्या. "बोरस्ते, हिरवळ कुठेय?"

गोरक्षनं पिशवी उघडली. "ही घ्या. झाडं जिवंत आहेत मॅडम, अंगावरचं तेवढं लोकांनी नेलं. पुन्हा पालवी फुटेल."

मॅडमचा हात सवयीनं पुढे आला. एक पान घेऊन त्यांनी कपाळाला लावलं. "सोन्यासारखे राहा."

गोरक्षला पुन्हा धुळ्यापर्यंत सावली दिसली. तीत या खेपेला फुलपाखरं जरा जास्तच होती.

"हा तुकडा उपटू नका," मॅडम गाडीत बसता बसता म्हणाल्या, "आमच्या सोसायटीला दरवर्षी लागेल. पुढे मात्र सगळी कण्हेर लावा. तिचं पान कुणी कुणाला देत नाही."