रुसलेल्या जावयाची फटफटी

आमच्या जावयाला, काकासाहेबांना, भिण्याची वेळसुद्धा कधी नीट साधता आली नाही. पोर धडधाकट होतं तेव्हा ते थरथर कापत होते, आणि खरोखर भ्यायची वेळ आली तेव्हा महाराज रुसून बसले!

दुष्काळाचं साल. आमची बनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. काकासाहेब नगरला कचेरीत कारकून. दर रविवारी फटफटीवरून यायचे आणि उंबरा ओलांडायच्या आधीच विचारायचे, "बाळाचा श्वास कसा हाय?" बाळाचं नाक जरा घुर्र वाजलं, की निघाले बनूला मागं बसवून घोडेगावच्या दवाखान्यात. डॉक्टरने बाळाकडं बघायचं, बाळाने डॉक्टरकडं बघून हसायचं, की ही वरात परत. शेवटी डॉक्टर वैतागला. "अहो, नाक चोंदलंय नुसतं. अंगावर पितोय, खेळतोय, तर घरीच ठेवा. छाती आत ओढायला लागला, दूध सोडलं, तर मात्र पळत या."

बनूनं हे घरी येऊन सांगितलं आणि मला राहवेना. पुढच्या रविवारी भरल्या पंगतीत मी म्हणाले, "जावईबापू, कोंबडी शिंकली तरी तुमी तिला घोडेगावला न्याल!"

पंगत हसली. काकासाहेब भरल्या ताटावरून उठले आणि ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसले. आमच्याकडं रुसलेला जावई मान घेतल्याशिवाय उठत नाही, आणि सासू मान लगेच देत नाही. हरभऱ्यासारखा त्याला जरा भिजू द्यायचा असतो. मी भिजत घातला.

ऊन कलायला लागलं तशी बनू घाबरीघुबरी आली. "आये, ह्यो पीत न्हाई गं. तोंडात घेतो न सोडून देतो."

मी झबलं वर केलं. पोट भात्यासारखं हलत होतं आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. हातातला वेखंडाचा तुकडा मी खाली ठेवला. एवढी पोरं वाढवली. हे दुखणं वेखंडाचं नव्हे, इतकं मला कळतं.

बैल चारा-छावणीवर, एस.टी. सकाळीच गेलेली. दारात होती ती फटफटी.

"काकासाहेब, उठा. बाळाला दवाखान्यात न्यायचंय."

भिंतीकडूनच उत्तर आलं, "नाक चोंदलं असंल नुसतं."

"नाक न्हाई, छाती वढतोय!"

"येखंड लावा. तुमची पोरं त्याच्यावरच वाढली ना?"

"अहो, एकदा वळून तर बघा!"

"आन परत कोंबडीवाला म्हनून घेऊ? एवढा खुळा न्हाई मी, मामी."

मान द्यायचा तर आता टोपी-उपरणं कुठून आणू? आमचे मालक शेजारीच उभे होते. त्यांच्या डोक्यावरचा फेटा मी उचलला आणि जावयाच्या डोक्यावर ठेवला. मालक चारचौघांत बोडके!

"घ्या मान. आता उठा!"

"आन नारळ?"

नारळाऐवजी मी बाळच मांडीवर आणून ठेवलं. ते छातीचं ओढणं हाताला लागलं मात्र, काकासाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. ताडकन उठले, बाळ मालकांच्या हातात कोंबलं, फटफटीला लाथ मारली आणि धुरळा उडवत घोडेगावच्या रस्त्याला लागले. एकटेच!

"अवं पाव्हनं, पोर हिकडं राह्यलं!" ओरडत मालक पुढे, बनू मागे, तिच्यामागे गल्लीतली कुत्री. ओढ्यापाशी पोहोचल्यावर काकासाहेबांना उमगलं, की मागं कोणीच बसलेलं नाही.

मग मधे बनू आणि बाळ, मागे मी. जन्मात फटफटीवर बसले नव्हते. काष्टा आवळला आणि बसले गड्यासारखी.

दवाखान्याच्या दारात कंपाउंडर हसला. "आलं का परत नाक?"

झालं! काकासाहेब तिथंच थबकले. "मामी, जाऊ घरी. हसत्यात."

मी पाठीत असा गुद्दा घातला, की ते थेट डॉक्टरच्या टेबलालाच जाऊन टेकले. डॉक्टरही गालात हसत होता. त्यानं झबलं वर केलं आणि त्याचं हसू गेलं. सुई झाली, नाकाशी नळी लागली. बाकावर बनूनं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. काकासाहेब आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिले.

दिवेलागणीला बाळ चांगलं मोठ्यानं रडलं आणि आईला चिकटलं. आम्ही तिघांनी एकदमच श्वास सोडला.

डॉक्टर म्हणाला, "आजची रात्र इथंच ठेवू. पण वेळेवर आणलंत हो. कोणी ओळखलं?"

मी तोंड उघडणार, तोच काकासाहेब छाती काढून म्हणाले, "मी!"

बनूनं डोळेच मिटून घेतले. आईच्या तोंडून आता काय बाहेर पडतं, याचा तिला जन्माचा अनुभव. मी जावयाकडं पाहिलं. डोळे लालबुंद. बाहेर जाऊन रडून आला होता बिचारा.

"व्हय, तुमीच वळखलं," मी म्हणाले. "आन हितनं म्होरं बी तुमीच वळखायचं. शिंकला तरी आना. हसायचं काम माझं, ते मी करनारच. पन तुमी रुसायचं न्हाई, काकासाहेब. भित्रा बाप परवडतो, रुसका न्हाई परवडत!"