रांगेतले साहेब

स्वतःच्याच ऑफिसच्या रांगेत उभा राहणारा साहेब तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. वर त्याच्या हाताखाली नोकरीही केलीय. आमचे गायधनी साहेब!

नव्वदीच्या शेवटी नाशकातल्या आमच्या सरकारी कचेरीत कॉम्प्युटर आले. सातबारे, दाखले सगळं त्यावर चढवायचं, आणि ते कसं याचं धोरण साहेबांनी लिहायचं. झालं! तेव्हापासून चहा मागवला तरी, "आधी धोरण ठरवा. बिस्किटं आहेत का?" खंडेनवमीला आम्ही भक्तिभावानं कॉम्प्युटरवर हळदकुंकू वाहिलं, तर कीबोर्ड बंद! साहेब शांतपणे म्हणाले, "यापुढे पूजा लांबून. हे धोरण."

त्यांचा ध्यास एकच. रांग बंद व्हावी, माणसाला कागद घरबसल्या मिळावा. रांगेत काय हाल होतात ते कळावं म्हणून टोपी घालून स्वतः उन्हात उभे राहायचे. खिडकीवरच्या भामरे क्लार्कना दरदरून घाम फुटायचा. एकदा देवळा तालुक्यातल्या एका आजोबांनी साहेबांना झापलं, "ओ पाव्हणं, मधी कुठं घुसता? लय शाने झाले का?" साहेब मुकाट मागे गेले. वर येऊन आम्हालाच कौतुकानं सांगतात, "मॅडम, जनता जागरूक आहे हो!"

यथावकाश साहेब रिटायर झाले. वर्षभरात त्यांच्या मिसेस, आमच्या काकू, गेल्या. मुलगा परदेशात. आणि एका सोमवारी बघते तर साहेब पुन्हा रांगेत! "तपासणी," म्हणाले. मग दर सोमवारी तेच. आम्ही हसायचो, जित्याची खोड, दुसरं काय! एकदा मात्र मी नीट पाहिलं. नंबर आला की साहेब मागच्याला पुढे करायचे आणि स्वतः पुन्हा शेवटी जायचे. तिथे कुणाच्या कांद्याची चौकशी, कुणाच्या सुनेची. त्यांना कसलाच दाखला नको होता.

पुढे काही वर्षांनी ऑनलाइनचा हुकूम आला. मी धावतच खाली गेले. "साहेब, पुढच्या महिन्यापासून रांग बंद! तुमच्या मनासारखं झालं!"

"वा! झकास!" ते म्हणाले. आनंद खरा होता. मग रांगेकडे बघत राहिले.

"मी ते धोरण लिहिलं ना मॅडम, तेव्हा घरी आमची ही वाट बघत असायची. वाटायचं, रांगेतल्या प्रत्येकाची अशीच कुणीतरी वाट बघतंय, लवकर सोडा बिचाऱ्यांना. ज्याची कुणीच वाट बघत नाही, त्याचं काय करायचं, हा मुद्दा राहूनच गेला बघा."

आणि हसले. मला काही हसू आलं नाही.