शिकंज्यातली कॉफी

दाब कशाला म्हणतात, हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी बाइंडरची खात्री होती. उभा जन्म पुस्तकं बांधण्यात गेलेला! त्याच्या लोखंडी शिकंज्यात दाबून निघालेलं पुस्तक विटेसारखं घट्ट असायचं. आणि त्याचीच बायको साडूच्या घरून आली की एकच घोकायची, "भाऊजींच्या हातची एस्प्रेसो! काय तो फेस! कॉफी दाबण्यातच सगळं कसब असतं म्हणे!"

साडू दातांचा डॉक्टर. तो काय दाबणार? बाइंडर आतल्या आत जळायचा. कारण त्याने केलेलं काहीही चाखून बायको आजवर एकदाही "वा!" म्हणाली नव्हती. शेवटी इरेला पेटून त्यानेही एस्प्रेसोचं मशीन आणलं आणि रविवारी साडूलाच कॉफीला बोलावलं. जिरवायची तर समोरासमोर!

साडू आला. पांढराशुभ्र शर्ट, वर ते गोड हसू. बाइंडरचं डोकं तिथेच तापलं. त्याने पिठासारखी बारीक दळलेली कॉफी मशीनच्या दांड्याच्या वाटीत ठासली आणि वाटी घेऊन तो जिन्याकडे धावला.

"अहो, कॉफी घेऊन कुठे निघालात?"

"खाली, कारखान्यात! दाबायला!"

वाटीवर लाकडी ठोकळा ठेवून त्याने दातओठ खात शिकंजा आवळला. कॉफीचा पार दगड झाला. वर येऊन वाटी मशीनला लावली, बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, थरथरलं, कण्हलं. पण थेंब म्हणून पडेना!

"पाण्याला वाटच नाहीये," साडू हळूच म्हणाला. "बंद करून जरा थांबा, आत दाब..."

"दाबाचं मला सांगू नका!" म्हणत बाइंडरने दांडा हिसडला.

फाट्‌कन आवाज झाला! छत, पडदे, साडूचा शर्ट, सगळीकडे कॉफीचा चिखल!

"अगंबाई! भाऊजी, भाजलं नाही ना?" बायको ओरडली. नवरा नखशिखांत निथळत होता, पण त्याच्याकडे बघतंय कोण!

साडूने शांतपणे मशीन पुसलं, कॉफी थोडी जाड दळली, वाटीत सपाट केली आणि हात सरळ ठेवून एकदाच दाबली.

"फार जोर नाही लागत हो. वाकडं तेवढं दाबायचं नाही, नाहीतर पाणी एकाच बाजूने पळतं."

मधासारखी धार लागली. बायकोने घोट घेतला.

"वा! भाऊजी, आता मशीन घरातच आहे. दर रविवारी येत जा ना!"

बाइंडरच्या काळजात कळ आली. नावं ठेवायची म्हणूनच त्याने आपला कप तोंडाला लावला. घोट उतरला. दुसराही उतरला. मग मान खाली घालून तो पुटपुटला,

"शनिवारीसुद्धा नाही का जमणार तुम्हाला?"