ललितच्या फाटकावरचे आकडे

फैजपूरच्या ललितने आठवडाभर गल्लीत एकच दवंडी पिटली होती, "पाहुण्यांना खोलीत डोकावायचीसुद्धा गरज नाही! फाटकावरच सगळं कळेल!"

पाहुणे म्हणजे पहूरचे बन्सीलालआबा, नूतनचे वडील. नूतनचा होकार कधीच आला होता. पण आबांचं म्हणणं, "पोरगा केळी पिकवायची खोली कशी सांभाळतो ते पाहू, मग लग्नाचं बोलू."

म्हणून ललितने स्वतः यंत्र जुळवलं. खोलीतलं तापमान मोजायला प्रोसेसर, फाटकावर लाल आकड्यांचा बोर्ड, मध्ये एकच लांब तार.

"आई, प्रोसेसर एकेका आकड्याचे आठ-आठ तुकडे एकदम पाठवतो, वऱ्हाडीच समज. ते चिंचोळ्या बोळातून कसे जातील?"

"एकामागे एक," पुष्पाबाई म्हणाल्या.

"शाब्बास! खोलीत तारेच्या तोंडाशी बसवलेली ही चिप त्यांची रांग लावते. पुढचा 'आलो हो' म्हणतो, शेवटचा 'झालं' म्हणतो. बोर्डातली चिप त्यांना पुन्हा शेजारी-शेजारी बसवते. फक्त दोघींचा वेग एक पाहिजे!"

"अन् जेवायला कोण वाढतं?"

ललितने कपाळावर हात मारला.

पाहुणे यायच्या दिवशी त्याचा पाय जमिनीवर ठरेना. दहादा फाटक, दहादा खोली! आकडे सावकाश बदलतात असं वाटून त्याने खोलीतल्या चिपचा वेग दुप्पट केला, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. बोर्डाचा वेग वाढवायचा राहिला तो राहिलाच.

आबा नूतनसह गाडीतून उतरले आणि फाटकावरच थबकले. बोर्ड म्हणत होता, एकसष्ट!

"अरे देवा! बठ्ठ्या केया उकडी गयात! दार उघाडा!"

"आबा, केळी उकडली नाहीत, आत सतराच अंश आहे!" ललित ओरडला.

पण ऐकतो कोण! आबांनी स्वतः दार सताड उघडलं. गल्ली मदतीला धावली. कुणी पंखा आणला, कुणी पाण्याची बादली. पुष्पाबाई घाईघाईने "चहा घ्या, बसा, दार लावा, पोहे करू का" असं एका दमात सांगत होत्या. आबांच्या कानात त्यातला एकही शब्द शिरला नाही. खोलीतली सगळी थंडी मात्र मेच्या उन्हात निघून गेली!

घाम पुसत ललितने बोर्डाचा वेग चिपशी जुळवला. बोर्ड ताबडतोब खरं बोलू लागला, एकतीस!

ललितचं तोंड कच्च्या केळ्यासारखं झालं. जमवलेलं लग्न आपल्याच हाताने मोडलं! तो रडवेला होऊन म्हणाला, "आबा, चूक माझी. चिप भराभर सांगत होती, बोर्ड सावकाश ऐकत होता. म्हणून भलताच आकडा दिसला. आता दोघांचा वेग एक केला."

आबांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं, मग नूतनकडे. ती तोंडावर पदर धरून हसत होती. पुष्पाबाईंनी दिलेल्या चहाचा आबांनी शांतपणे घोट घेतला.

"चूक लपाडी नही, हाई चांगलं शे. पोरगा पसंत."

ललित टुणकन उठला. "मग आबा, परवाच साखरपुडा? रविवारी हळद? सोमवारी लग्न?"

आबांनी बशी खाली ठेवली आणि फाटकाकडे बोट केलं.

"जावईबापू, तुमना वेग परत वाढना का?"